पौर्णिमेच्या कुंडलीत लघुग्रह कसे पाहावेत: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

राशी-नक्षत्रांची तोंडओळख झाली, कुंडली मांडता यायला लागली, की बऱ्याच जणांना लघुग्रहांची, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांहून लहान पिंडांची, ओढ लागते. सेरेस, व्हेस्टा, कायरन, एरिस ही नावं कानावर पडतात, पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच. मग सॉफ्टवेअरमध्ये दिसतील ते सगळे क्रमांक भरले जातात आणि चक्र इतकं गच्च होतं की त्यातून काहीच वाचता येत नाही. या टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक हिशोब करू. नाव मिळालेले लघुग्रह आज वीस हजारांहून अधिक आहेत आणि राशिचक्र ३६० अंशांचं आहे. म्हणजे सरासरी दर अंशात पंचावन्न नावं. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोर असतात. दोन्ही टोकांना मागे-पुढे फक्त एकेक अंश धरला, तरी चार अंश होतात आणि त्यांत दोनशेहून अधिक नावं बसतात. कोणतीही पौर्णिमा घ्या, हे असंच राहणार. त्यांत प्रेमाचं नाव मिळेल, मृत्यूचं मिळेल, युद्धाचंही मिळेल. जिथे हवं ते सापडतं, तिथे सापडण्याला अर्थ राहत नाही. म्हणून माझा आग्रह एकच: यादी आधी ठरवा, प्रत्येकाची कथा आधी पूर्ण वाचा आणि कुंडली सगळ्यांत शेवटी उघडा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आपल्या परंपरेत नवग्रह आहेत, गुलिक-मांदीसारखे उपग्रह आहेत, पण लघुग्रह नाहीत. विंशोत्तरी दशेत त्यांना वर्षं नाहीत, राशीचं स्वामित्व नाही, दृष्टी नाही. या अर्थांची परंपरा पाश्चात्त्य आहे आणि तीही तरुण आहे. अमेरिकेतल्या ज्योतिषी एलिनॉर बाख यांनी पहिल्या चार लघुग्रहांची स्थिती देणारी कोष्टकं १९७३ साली काढली, त्यानंतर हा अभ्यास रुजला. म्हणून यावरून भाकीत करू नका. विचार करायला एक कथा हाताशी येते, एवढ्यापुरता हा अभ्यास मला मोलाचा वाटतो आणि त्यासाठीच मी तो करतो.

पहिली पायरी: यादी आणि तिच्या कथा

पहिल्या वर्षाला दहा नावं पुरेत. क्रमांकांसह लिहून घ्या, कारण सॉफ्टवेअर क्रमांकच मागतं: सेरेस १, पॅलस २, जुनो ३, व्हेस्टा ४, कायरन २०६०, फोलस ५१४५, नेसस ७०६६, वरुण २००००, सेडना ९०३७७ आणि एरिस १३६१९९.

पहिल्या चार मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या. सेरेस १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो इथे जुझेप्पे पियाझ्झी यांना दिसली. सेरेस ही सिसिलीची आश्रयदात्री देवी, म्हणून हे नाव. धान्याची ही देवी. तिच्या मुलीला, प्रोसर्पिनाला, पाताळाचा राजा पळवून नेतो. आईच्या शोकात पृथ्वीवर पीक उगवेनासं होतं. शेवटी तडजोड होते, पण मुलीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, त्यामुळे वर्षातला काही काळ तिला तिकडे परत जावंच लागतं. सेरेसचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘पोषण’ एवढाच दिलेला असतो. कथा वाचली की कळतं, तिथे पोषण आहे तसा विरहही आहे, आणि आईने अन्न रोखून धरणंही आहे. पौर्णिमेच्या चंद्राजवळ सेरेस आली तर मी या तिन्ही बाजू पाहतो: घरात कोण कोणाला भरवतं, कोण दूर गेलंय आणि कोण रुसून हात आखडता घेतंय.

पॅलस १८०२ मध्ये ब्रेमेनच्या ओल्बर्स यांना सापडली. ही अथीना, झ्यूसच्या मस्तकातून जन्मलेली, डावपेच आणि हातमाग या दोन्हींची देवी. गुंता सोडवण्याची बुद्धी हा तिचा अर्थ. जुनो १८०४ ची, विवाहाची देवता. नवरा सतत बाहेरख्याली, आणि तरीही लग्नाच्या करारावर ठाम असलेली. तिच्याकडे मत्सर म्हणून पाहायची सवय आहे, पण मला तिथे दिलेल्या शब्दाचा हिशोब मागणारी बाई दिसते.

व्हेस्टा १८०७ मध्ये पुन्हा ओल्बर्स यांनाच सापडली. चुलीच्या, घरातल्या अग्नीच्या या देवीचं रोममध्ये मंदिर होतं आणि तिथला अग्नी विझू नये म्हणून व्रतस्थ स्त्रिया तीस-तीस वर्षं सेवा करत. अर्थ: एकाग्रता, व्रत, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेलं सगळं. आपल्याकडे अग्निहोत्र ठाऊक असलेल्याला व्हेस्टा समजावून सांगावी लागत नाही.

आता सेंटॉर. अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा या प्राण्यांची नावं गुरू ते नेपच्यूनच्या पट्ट्यात फिरणाऱ्या काही पिंडांना दिली आहेत. कायरन १ नोव्हेंबर १९७७ रोजी चार्ल्स कोवाल यांनी पालोमार वेधशाळेतल्या छायाचित्रांत शोधला. त्याची प्रदक्षिणा सुमारे पन्नास वर्षांची, म्हणजे पन्नाशीच्या आसपास प्रत्येकाच्या कुंडलीत तो जन्मस्थानी परत येतो. फोलस १९९२ मधला, नेसस १९९३ मधला. या तिघांचे अर्थ बहुतेक जण सुटे सुटे पाठ करतात: कायरन म्हणजे जखम आणि उपचार, फोलस म्हणजे छोट्या कारणाचा मोठा परिणाम, नेसस म्हणजे अत्याचार आणि सूड. पण तिघांची कथा एकच आहे, आणि ती सलग वाचल्याशिवाय यांतला एकही नीट कळत नाही.

हर्क्युलिसने हायड्रा नावाच्या अनेक मुंडक्यांच्या सर्पाला मारलं आणि तिच्या विषात आपले बाण बुडवून घेतले. इथून सगळं सुरू होतं. पुढे तो फोलस या सज्जन सेंटॉरकडे पाहुणा म्हणून जातो आणि त्याला वाइनचा रांजण उघडायला लावतो. वासाने बाकीचे सेंटॉर पिसाळून धावून येतात, लढाई होते, बाण सुटतात. त्यातला एक कायरनला लागतो. कायरन म्हणजे हर्क्युलिसचा स्नेही, वैद्यकाचा जाणकार, अकिलीस आणि वैद्यदेव अस्क्लेपियस यांचा गुरू. तो अमर आहे, म्हणून मरत नाही, आणि वैद्य असूनही त्या विषावर त्याच्याकडे उतारा नाही. अखेर तो आपलं अमरत्व सोडून देतो. इकडे फोलस एका मेलेल्याच्या अंगातून बाण उपसून निरखत असतो, एवढासा हा बाण एवढ्या मोठ्या देहाला कसा मारतो म्हणून. तो हातातून निसटून पायावर पडतो आणि फोलसही जातो. बऱ्याच काळाने नेसस नदी ओलांडताना हर्क्युलिसच्या बायकोवर हात टाकतो, हर्क्युलिस त्याला त्याच बाणाने मारतो. मरता मरता नेसस तिला सांगतो, माझं रक्त जपून ठेव, नवऱ्याचं प्रेम कमी झालं तर कामाला येईल. ती भाबडेपणाने नवऱ्याचं वस्त्र त्या रक्तात भिजवते, आणि हायड्राचं विष फिरून हर्क्युलिसच्याच अंगाला लागतं.

एक विष, चार मरणं. म्हणून पौर्णिमेला कायरन चंद्रापाशी दिसला की ‘जुनी जखम वर येईल’ एवढं म्हणून मी थांबत नाही. बाण कोणाचा होता, रांजण कोणी उघडला, आणि हे पुढे कोणाकडे जाणार, हे तीन प्रश्न विचारतो. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले अबोले आणि वाटण्यांचे वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे प्रश्न परके वाटणार नाहीत.

नेपच्यूनपलीकडच्यांपैकी तीनच घ्या. सेडना २००३ मधली. इन्युइट लोकांच्या कथेत बाप तिला होडीतून समुद्रात लोटतो, ती काठ धरते तेव्हा तिची बोटं छाटतो, आणि त्या बोटांपासून सील आणि देवमासे होतात. तिला सूर्याभोवती फिरायला अकरा हजारांहून अधिक वर्षं लागतात, त्यामुळे एकाच राशीत ती अनेक दशकं मुक्काम करते.

वरुण २००० साली सापडला आणि त्याला आपल्या वैदिक देवाचं नाव मिळालं. पाश्चात्त्य लेखनात त्याचे अर्थ बरेचदा पाणी आणि कीर्ती यांच्यापाशी अडकतात. आपण तिथे थांबायची गरज नाही. ऋग्वेदातला वरुण ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, राखणदार आहे, माणसाचं खरं-खोटं पाहणारा, पाशाने बांधणारा आणि क्षमा मागणाऱ्याला सोडणाराही. हरिश्चंद्र त्याला मुलगा द्यायचं कबूल करतो, मग टाळत राहतो, आणि त्याला जलोदर होतो, ही ऐतरेय ब्राह्मणातली कथा वाचा. दिलेला शब्द आणि चुकवलेलं देणं हा वरुणाचा गाभा. नारळी पौर्णिमेला कोकण किनाऱ्यावर सागराला नारळ अर्पण होतो, तो याच देवतेचा मान. त्यामुळे आपल्यापैकी कुणाला लघुग्रहांशी नातं जोडायचं असेल, तर मी वरुणापासून सुरुवात करायला सांगतो.

राहिली एरिस. ती पुढच्या उदाहरणात येतेच आहे.

दुसरी पायरी: नेमका क्षण

इथे पंचांग हाताशी असणाऱ्यांची मोठी सोय आहे. चंद्र सूर्यापासून बरोबर १८० अंशांवर येतो तो क्षण म्हणजे पौर्णिमा तिथीची समाप्ती. दिनदर्शिकेत किंवा पंचांगात पौर्णिमा समाप्तीची वेळ पाहा, तीच पौर्णिमेच्या कुंडलीची वेळ. सण ज्या रात्री साजरा होतो ती वेळ धरू नका. चंद्र दिवसाला बारा ते पंधरा अंश चालतो, अर्ध्या दिवसाच्या फरकाने यादीतले सगळे योग बदलतात.

परदेशात राहणाऱ्यांनी भारतीय वेळ आपल्या वेळेत बदलून घ्यावी. क्षण जगभर एकच असतो. न्यू जर्सीत मांडलेल्या कुंडलीत आणि पुण्यात मांडलेल्या कुंडलीत चंद्राचे अंश तेच येतील, लग्न आणि स्थानं मात्र वेगळी येतील.

तिसरी पायरी: चक्र मांडणं

झुरिकच्या ॲस्ट्रोडिन्स्टच्या संकेतस्थळावर, म्हणजे ॲस्ट्रो डॉट कॉमवर, हे फुकट करता येतं. सविस्तर कुंडलीच्या पानावर जादा लघुग्रहांचे क्रमांक भरायला जागा आहे, स्वल्पविराम देत भरा. तिथे सायन पद्धत (राशी वसंतसंपातापासून मोजणारी) आपोआप येते, निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजणारी, आपल्या पंचांगांतली) हवी असेल तर लाहिरी अयनांश, म्हणजे दोहोंतल्या फरकाचं माप, निवडा. सध्या दोहोंत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. राशीची नावं बदलतील, पण लघुग्रह आणि चंद्र यांच्यातलं अंतर दोन्हींत तेच राहील. त्यामुळे नवशिक्यांनी अंतरावर भर द्यावा, राशीच्या वादात पहिल्याच महिन्यात पडू नये.

चौथी पायरी: काय ठेवायचं, काय सोडायचं

दीप्तांश, म्हणजे योग धरताना चालणारा मागचा-पुढचा फरक, एकच अंश ठेवा. युती (एकाच अंशात) आणि प्रतियोग (समोरासमोर) एवढेच योग घ्या, हात बसला की केंद्रयोग (काटकोनात). लघुग्रह चंद्रापाशी आहे की सूर्यापाशी, हे आधी लिहा.

आणि इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, जिच्यामुळे पुष्कळ घबराट टळते. यादीतला जो पिंड पौर्णिमेच्या चंद्रापाशी असेल तो वक्रीच दिसणार. हे सगळे पिंड पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे, आणि सूर्याच्या समोर आलेला बाहेरचा पिंड आकाशात मागे सरकताना दिसतो. त्याच सुमारास तो पृथ्वीला जवळ असतो आणि सर्वांत तेजस्वीही असतो. म्हणून चंद्राकडच्या लघुग्रहाला ‘वक्री, म्हणजे बाधित’ असं म्हणू नका. सूर्याकडचा मात्र सूर्याच्या तेजात बुडालेला, न दिसणारा असतो. वाचताना मी हाच भेद वापरतो: चंद्राकडची कथा उघड्यावर येते, सूर्याकडची आतून हलवत राहते.

व्हेस्टा चंद्राकडे असेल तर आणखी एक करा. पौर्णिमेच्या उजेडात ती सापडणार नाही, पण चार-सहा दिवस थांबा, चंद्र उशिरा उगवू लागला की संध्याकाळी गावाबाहेर दुर्बीण घेऊन बसा. लघुग्रहांत तीच सर्वांत तेजस्वी, अशा काळात अंधाऱ्या आकाशात कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही दिसते. जिचा अर्थ लावतोय ती प्रत्यक्ष पाहिली की अभ्यासाला वेगळीच उभारी येते.

पाचवी पायरी: एक पौर्णिमा वाचून पाहू

२०२४ ची आश्विन पौर्णिमा घेऊ. कोजागरी १६ ऑक्टोबरच्या रात्री झाली. पौर्णिमा समाप्ती मात्र १७ तारखेला संध्याकाळी पाच वाजायच्या चार-पाच मिनिटं आधी. त्या क्षणी चंद्र सायन मेषेत २४ अंश ३५ कलांवर होता, सूर्य समोर तुळेत. निरयन पद्धतीने चंद्र मेषेच्या पहिल्याच अंशात, अश्विनी नक्षत्रात नुकताच शिरलेला. कोजागरीच्या मध्यरात्री, दूध आटत होतं तेव्हा, तो अजून मीनेत रेवतीत होता, सुमारे दहा अंश मागे. सणाची वेळ का धरू नये ते इथे दिसतं.

आधी मोठे ग्रह. मंगळ सायन कर्केत, चंद्राशी जवळपास काटकोनात. चंद्र मेषेत, म्हणजे मंगळाच्याच घरात, आणि हे सायन-निरयन दोन्हींत खरं. तापलेली पौर्णिमा. लघुग्रह न पाहताही एवढं सांगता येतं आणि आधी एवढंच लिहावं.

मग यादी. एरिस सायन मेषेत २५ अंशांच्या आसपास, म्हणजे चंद्रापासून एका अंशाच्या आत. योग पक्का. कायरन सुमारे २१ अंशांवर, चंद्राच्या तीन अंश मागे.

एरिस ही कलहाची देवी. होमरच्या काव्यात ती युद्धदेव एरिसची, म्हणजे रोमनांच्या मंगळाची, बहीण. (मराठीत दोघांची नावं सारखीच लिहिली जातात, गोंधळ होऊ देऊ नका.) पेलियस आणि थेटिस यांच्या लग्नाला सगळ्या देवांना आमंत्रण जातं, हिला वगळतात. ती दाराशी येऊन ‘सर्वांत सुंदर हिला’ असं लिहिलेलं सोन्याचं सफरचंद आत टाकते. तिघी देवी त्यावरून भांडतात आणि पुढे ट्रॉयचं युद्ध पेटतं. त्या तिघींत हेरा आणि अथीना आहेत, आपल्या यादीतल्या जुनो आणि पॅलस. कवी हेसिऑडने मात्र दोन एरिस सांगितल्या आहेत: एक रक्तपात घडवणारी, दुसरी शेजाऱ्याची शेती पाहून आळशालाही कामाला लावणारी. हा पिंड २००५ मध्ये सापडला आणि त्याच्यामुळेच ग्रह कशाला म्हणायचं हा वाद पेटून २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. नाव त्यानंतर ठेवलं गेलं, आणि ते किती चपखल आहे!

तर त्या पौर्णिमेचं वाचन मी असं लिहीन: मंगळाच्या घरात मंगळाची बहीण, आणि मंगळ स्वतः काटकोनात. ज्याला बोलावलं नाही त्याचा राग उघड होण्याची वेळ. प्रश्न असा, की आपण यादी करताना कोणाला वगळलं, आणि आपल्याला कोणी वगळलं तेव्हा आपण कोणतं सफरचंद टाकलं? राग कामाला लागू शकतो का, हेसिऑडच्या दुसऱ्या एरिससारखा?

आता कायरनचं काय? मोह मोठा आहे. पेलियसचं लग्न पेलियॉन पर्वतावर कायरनच्या गुहेपाशी झालं, त्याने नवरदेवाला भाला दिला, आणि त्या जोडप्याचा मुलगा अकिलीस त्याच्याकडेच वाढला. कथेत दोघं एकाच मांडवात आहेत. तरीही तीन अंशांचं अंतर एका अंशाच्या नियमात बसत नाही. चंद्र त्याला पौर्णिमेच्या पाचेक तास आधीच ओलांडून गेला होता. म्हणून त्याची नोंद समासात करायची, मुख्य वाचनात आणायची नाही. कथा सुंदर आहे म्हणून नियम सैल केला, की पुढच्या पौर्णिमेला दोनशे नावांचं दार पुन्हा उघडतं.

सहावी पायरी: स्वतःची कुंडली

पौर्णिमेचा अंश तुमच्या जन्मकुंडलीत कुठे पडतो ते पाहा. वरच्या उदाहरणात सायन मेष, कर्क, तूळ, मकर या राशींत २४ ते २५ अंशांच्या दरम्यान लग्न, सूर्य, चंद्र किंवा दुसरा ग्रह असेल तरच ती पौर्णिमा तुम्हाला लागू समजा. निरयन मांडणाऱ्यांनी याच राशींचा अगदी आरंभ पाहावा. तसं काही नसेल तर वाचन तिथेच मिटवून ठेवा. एरिस, सेडना, वरुण हे इतके संथ आहेत की जन्मकुंडलीत ते ज्या अंशात असतात, त्याच्या आसपास तुमच्या वर्गातल्या सगळ्यांचे असतात. त्यामुळे त्यांची राशी घेऊन स्वभाव सांगू नका, त्यांचं स्थान आणि त्यांना अगदी जवळून भेटणारा ग्रह एवढंच पाहा.

वाचन लिहिताना वहीत तारीख, पौर्णिमा समाप्तीची वेळ, चंद्राचे अंश, एका अंशातला लघुग्रह, आणि कथेतून निघालेला एकच प्रश्न, एवढं असू द्या. उत्तर लगेच लिहू नका. अमावस्येला वही उघडा आणि त्या पंधरा दिवसांत काय घडलं ते साध्या शब्दांत खाली लिहा. काहीच जुळलं नसेल तर तसंच लिहा. अशा कोऱ्या नोंदी पुष्कळ येतील आणि त्या खोडू नयेत. वर्ष झालं की यादीत एखादं अकरावं नाव घालायला हरकत नाही, मात्र त्याची कथा आधी स्वतःच्या हाताने पूर्ण लिहून काढलेली असावी.